मदत हवी आहे : स्वॉनमध्ये लाटा फुटण्याचा गॅमा किती ठेवावा?

गुहागरच्या किनाऱ्यासाठी स्वॉन हे किनाऱ्याजवळच्या लाटांचं संगणकीय मॉडेल चालवतोय. खोल समुद्रातल्या लाटा ईआरए5 या जागतिक हवामान-लाटांच्या डेटामधून घेतल्यात. बाहेर आकडे जुळतात, पण लाटा फुटतात त्या पट्ट्यात मॉडेलची उंची वाळूत रोवलेल्या मोजपट्टीपेक्षा बरीच जास्त येते. गॅमा (फुटणाऱ्या लाटेची उंची भागिले पाण्याची खोली) मॉडेलचा मूळचाच, 0.73. मॉडेलची गणिताची जाळी बारीक केली, काही फरक नाही. तळाचं घर्षण वाढवलं तर बाहेरचीच उंची घटली; आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! भरतीची पातळी तपासली आहे, मॉडेल आणि मोजणी दोन्हीकडे सिग्निफिकंट हाइटच (सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची) धरली आहे. मोजणी फक्त फेब्रुवारीची. पावसाळ्यात तिथे उपकरण टिकणार नाही.

उतार मंद असल्यामुळे गॅमा सरळ 0.6 च्या आसपास आणावा की उतारानुसार बदलता ठेवावा? आणि फेब्रुवारीला बसवलेला आकडा जुलैच्या लाटांना चालेल का?