क्लबरूमचा दरवाजा कुठे आहे?

सावंत ए-१०३: क्लबरूमचा दरवाजा कोणी काढला? चौकटीला नुसत्या बिजागऱ्या लोंबतायत. नव्या टीटी टेबलावर तीन मांजरं झोपलीयेत. सेक्रेटरीसाहेबांनी कृपया खुलासा करावा.

वैद्य काकू बी-४०२: भाऊ, १५ ऑगस्टच्या नाटकासाठी गच्चीवर नेलाय. मुलं वासुदेव बळवंत फडके करतायत. अरबस्तानातल्या एडनच्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उचकटून ते पळतात, तो सीन आहे.

सावंत ए-१०३: थर्माकोलचं करता आलं नसतं?

ओंकार बी-४०२: काका, थर्माकोलवर बंदी आहे 🙏

सावंत ए-१०३: बरं. दरवाजा कधी बसणार?

नाना ए-५०१: मुलांनी फडके निवडले, फार बरं वाटलं. पनवेलजवळच्या शिरढोणचा माणूस. आपल्या मुंबईतल्या मेट्रो सिनेमाच्या चौकाला त्यांचंच नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला सांगताना आपण सगळे 'मेट्रो'च म्हणतो. मीसुद्धा. पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी होती. आई आजारी, रजा वेळेवर मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा ती गेलेली. त्यात १८७६-७७चा दुष्काळ. लोक भुकेने मरताहेत आणि सारावसुली चालूच. तिथून बंडाकडे वळले.

सावंत ए-१०३: माहितीपूर्ण. दरवाजा?

जाधव बी-२०३: नाना, स्क्रिप्ट वाचलंत का? माझ्या मुलाला 'डाकू क्र. २' दिलाय.

वैद्य काकू बी-४०२: अहो, भूमिका लहानमोठी नसते. आम्ही रोज रात्री दहापर्यंत मुलांना घेऊन बसतो, ते कोणाला दिसत नाही.

जाधव बी-२०३: ताई, कष्ट दिसतात. प्रश्न लहानमोठ्याचा नाही, ते डाकू होते का हा आहे. दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशी नसते तर फडक्यांनी एकट्याने काय केलं असतं? मे १८७९मध्ये पळस्पे-चिखलीवर छापा घालून परतताना दौलतराव इंग्रजांच्या गोळीने गेले. आणि फडके ज्यांच्या तालमीत तयार झाले ते लहुजी वस्ताद तर स्क्रिप्टमध्ये कुठेच नाहीत. ते बरे विसरले जातात.

कामत ए-३०४: पळस्पे म्हणजे गोव्याला जाताना फाटा लागतो तेच ना? 😄

नाना ए-५०१: तेच. जाधव, तुमचं बरोबर आहे. पण त्यांनी सावकार लुटले होते आणि सरकारी कागदांत तसंच लिहिलंय, मुलांनी तिथूनच घेतलं असेल.

जाधव बी-२०३: सरकार कोणाचं होतं, नाना?

कामत ए-३०४: 🔥

शेट्ये काका बी-१०१: (फॉरवर्ड केलेला मेसेज) आद्य क्रांतिकारक फडके यांना फाशी देण्यात आली. खरा भारतीय असाल तर दहा ग्रुपवर पाठवा.

नाना ए-५०१: शेट्ये, फाशी नाही हो! जुलै १८७९मध्ये पकडले, पुण्यात खटला चालला, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतलं. शिक्षा जन्मठेपेची, तीही अंदमानला नाही, एडनला. तिथून पळाले, पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ला तिथेच वारले. वय अवघं ३७.

शेट्ये काका बी-१०१: मला आलं तसं पाठवलं.

कुलकर्णी ए-२०२: उद्या टँकर येणार आहे का? कोणीतरी सांगा.

सेक्रेटरी: टँकर सकाळी ७ला. ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी क्रांतीसोबत तेही बघावे.

कुलकर्णी ए-२०२: हे कोणाला उद्देशून?

सेक्रेटरी: सर्वांना.

कुलकर्णी ए-२०२ यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.

सावंत ए-१०३: चौथ्यांदा विचारतोय. दरवाजा कधी बसणार?

वैद्य काकू बी-४०२: मुलांशी बोलले. 'डाकू क्र. २' आता दौलतराव नाईक. लहुजी वस्तादांचा प्रवेश सुरुवातीलाच घेतोय, पण दांडपट्टा कोणाकडे असेल तर द्या.

जाधव बी-२०३: आभारी आहे. संवाद किती?

ओंकार बी-४०२: दोन वाक्यं, मग गोळी.

जाधव बी-२०३: निदान स्टेजच्या मधोमध मरू द्या. गेल्या वर्षी विंगेतच मेला होता, आजीला दिसलाच नाही.

ओंकार बी-४०२: नक्की 👍 सावंतकाका, एडनचा पहारेकरी अजून मिळालेला नाही. तुम्ही कराल का? दार सतत तुमच्या डोळ्यांसमोर राहील.

सावंत ए-१०३: म्हणजे इंग्रजांचा माणूस?

ओंकार बी-४०२: हो. पळालेल्या फडक्यांना तुम्हीच पकडून आणायचं.

सावंत ए-१०३: तालीम किती वाजता असते?

सावंत ए-१०३: आणि तोवर त्या टीटी टेबलावर चादर तरी टाका कोणीतरी.