जुना कीबोर्ड चालवू की मेकॅनिकल घेऊ?

प्रश्न: दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये (कीबोर्डवरच्या अक्षरांची एक मांडणी) मराठी टाइप करते. साध्या मेंब्रेन (कींखाली रबराचा थर असलेल्या) कीबोर्डची 'डी' हल्ली रुतून बसते. त्या कीवरचं हलन्तच (पाय मोडायचं चिन्ह) उमटत नाही, 'प्रश्न'चं 'परशन' होतं! चार हजारांचा मेकॅनिकल (प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असलेला) घ्यावा का? रात्री बाळ शेजारीच झोपलेलं असतं.

उत्तर: ताई, आधी की-कॅप (कीची वरची टोपी) उचकटून खालची धूळ काढा. तरीही रुतली तर आतलं रबर गेलं समजा.

उत्तर: घ्याच. फक्त ब्लू प्रकारचा स्विच नको, फार कडकड वाजतो. ब्राउन किंवा रेड बघा. हॉट-स्वॅप असेल तर बिघडलेला एकच स्विच काढून नवा बसवता येतो, जादा पैसे द्यायचे ते त्यासाठी.

प्रश्नकर्ती: धूळ काढली, रुततेच आहे. हॉट-स्वॅप, ब्राउनवाला घेतेय. कीवर मराठी अक्षरं नसली तरी चालेल, बोटांना जागा पाठ आहेत.