मदत हवी आहे: दगडी पुलाच्या खांबांतल्या चौकोनी खाचा कशासाठी?

मंडळी, नदीवरच्या पाच कमानींच्या एका जुन्या दगडी पुलाचं मापं घेऊन रेखाटन करतोय. दोन-तीन ठिकाणी अडलोय.

कमानीचं गणित कळतं. वजन दगडादगडातून दाबाने खांबांत उतरतं, म्हणून मधला कळीचा दगड बसेपर्यंत खाली लाकडी सेंटरिंग (कमान पेलणारा तात्पुरता सांगाडा) लागतं. खांब प्रवाहाच्या अंगाला नावेच्या नाळेसारखे टोकदार का, तेही उघड आहे. पण पाणी पुढे निघून जातं त्या मागच्या अंगाला खांबाचं हेच नाक बोथट, गोलसर आहे. खांबामागे भोवरे होतात, पायाखालची माती खरवडली जाते; जुने पूल बरेचदा तिथूनच जातात (आणि लोक बिचाऱ्या कमानीला बोल लावतात). मग मागची बाजू अशी का सोडली असेल?

दुसरं, कमान जिथून सुटते तिथे खांबाला ओळीने चौकोनी खाचा आहेत. मूठ सहज आत जाते. सेंटरिंगच्या तुळया टेकवायला, की पाणी निचरायला? कडेला चुन्याचे पांढरे ओघळ दिसतात, म्हणून घोळ झालाय.

शेवटचं. चीनमधल्या इ.स. 605 च्या सुमाराच्या आन्जी पुलात मोठ्या चपट्या कमानीच्या खांद्यांवर लहान कमानी आहेत, पुराचं पाणी जायला आणि वजन कमी करायला. इथे दोन कमानींच्या मधे, खांबाच्या डोक्यावर आरपार गोल भोकं आहेत. तीही त्याचसाठी धरू का?