प्रोटॉनचा 'आकार' की आकारमान?

केळफूल: एक लेख मराठीत आणतेय, प्रोटॉनच्या आतले क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचं गणित सुपरकॉम्प्युटरवर चालवून प्रोटॉन-न्यूट्रॉनची साईज कशी काढतात त्यावर. मी लिहिलं 'प्रोटॉनचा आकार ०.८४ फेमटोमीटर' (फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख-कोटीवा भाग). संपादक म्हणाले आकार म्हणजे गोल की चौकोनी, 'आकारमान' करा. पण शाळेत आकारमान म्हणजे घनफळ शिकलो ना, आणि इथे तर लांबी आहे! काय करू?

पाटीपेन्सिल: संपादकांचं पटतं मला. आकाराला माप नसतं. सरळ 'त्रिज्या' लिहा.

उंबर: 'लिंबाच्या आकाराच्या गारा पडल्या' दरवर्षी छापून येतं, कोणी विचारतं का गोल की लांबट? लोक वापरतात तोच अर्थ.

पाटीपेन्सिल: आमची आजी 'लिंबाएवढ्या गारा' म्हणायची. एवढा, केवढा असे नेमके शब्द असताना आकार कशाला ताणायचा? 'प्रोटॉन केवढा?' असं लिहा, कोणालाही कळेल.

चिंचबन: 'केवढा' आवडलं. पण नुसतं त्रिज्या नको हो, प्रोटॉनला काठच नाही, प्रभार, म्हणजे विद्युतभार, बाहेर विरळ होत जातो; केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाची प्रभारानुसार सरासरी काढतात आणि तिचं वर्गमूळ घेतात. म्हणून प्रभार-त्रिज्या. न्यूट्रॉनमध्ये तर तिचा वर्गच उणे येतो, साधारण -०.११६ चौरस फेमटोमीटर, कारण बाहेरच्या बाजूला ऋण प्रभार जास्त. आणि केळफूल, ०.८४ हा प्रयोगातला आकडा आहे, २०१० मध्ये स्वित्झर्लंडला इलेक्ट्रॉनच्या जागी म्युऑन हा त्याचा जड भाऊ बसवलेल्या हायड्रोजनवर मोजला, त्याआधी ०.८८ धरायचे. जर्मनीतल्या माइन्झच्या गटाचा २०२४ चा सिम्युलेशनचा आकडा ०.८२० आहे, अधिक-उणे ०.०१४. दोन्ही एका वाक्यात मिसळू नका.

केळफूल: बरं झालं सांगितलंत, सुधारते. आणि हे सिम्युलेशन ज्यावर चालतं त्या 'लॅटिस'ला जालक की जाळी?

उंबर: जाळी! अवकाश-काळावर गाठी मारायच्या, दोन गाठींत फेमटोमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी अंतर, आणि गणित त्या गाठींवरच. जालक म्हटलं की मला मिठाचा स्फटिकच दिसतो.

पाटीपेन्सिल: त्रिज्याचा विषय निघालाय तर, हा शब्द ज्योतिषगणितातला. ज्या म्हणजे साईन. एक रास ३० अंशांची, तीन राशी ९०, त्या तीन राशींची ज्या ती त्रिज्या. इतका देखणा शब्द आहे आणि पोरं रेडियस म्हणतात.

उंबर: ज्या म्हणजे मुळात धनुष्याची दोरी ना? आमच्याकडे पिंजारी यायचा कापूस पिंजायला, भिंतीला टेकून धनुकली वाजवायचा, तो दोरीला तात म्हणायचा. ज्या नाही ऐकलं कधी.

पाटीपेन्सिल: तात वेगळी, ती आतड्याची. कुठलं गाव तुमचं?