फी वाया गेली नाही
सर्दी-खोकल्याला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही म्हणजे फी वाया गेली, असं एकाने लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, त्यांच्यावर ही औषधं चालतच नाहीत. उलट पोटातले निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे उरून वाढतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीची छाती नीट तपासली, दोन दिवस थांबायला सांगितलं, धाप लागली तर लगेच आणा म्हणाल्या. फी त्या तपासणीची! शेड्यूल एच१ मधली, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या एका सरकारी यादीतली औषधं (त्यात बरीच अँटिबायोटिक्सही येतात) विकताना २०१४ पासून दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत नोंदवावं लागतं. तरीही चिठ्ठीशिवाय ‘मागच्या वेळचीच गोळी द्या’ म्हणणारे आपणच असतो ना?