बर्ड डॉगच्या काचेवर काय खरडलेलं असायचं? आणि जेट असताना असलं टिनपाट विमान कशाला?

किटवाला_नाशिककर

मंडळी, प्रश्न जरा बाळबोध आहे, सांभाळून घ्या. ओ-१ बर्ड डॉग ह्या छोट्या अमेरिकन विमानाच्या मॉडेलचं १/४८ चं किट करतोय, व्हिएतनाम युद्धातलं, राखाडी रंगाचं. रेफरन्ससाठी जुने फोटो झूम करून बघत होतो तर बऱ्याच विमानांच्या बाजूच्या काचेवर आकडे आणि काहीबाही खरडलेलं दिसतं, लहान पोराने पाटीवर गिरगटावं तसं. ते काय असायचं?

दुसरं म्हणजे, अमेरिकेकडे तेव्हा फँटम, एफ-१०० सारखी लढाऊ जेट होती, पैशाला तोटा नव्हता. मग २१३ हॉर्सपॉवरचं, दोन सीटचं, शेतावर औषध फवारायला शोभेल असलं विमान युद्धात का? चिलखत नाही, बंदूक नाही, खालून कोणीही रायफलने पाडेल. माझं काहीतरी चुकतंय का?

टेलड्रॅगर

चुकत काही नाहीये, पण जेट पायलटला वरून काय दिसतं ते बघ ना. ताशी सातशे-आठशेच्या स्पीडने जंगलावरून जाताना खाली नुसता हिरवा गालिचा. इंधन असं की टार्गेटवर थोडीच मिनिटं थांबता येतं आणि आपली माणसं शत्रूपासून शंभर मीटरवर. अशात बॉम्ब टाकला तर कोणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही. म्हणून मधे एक माणूस लागतो, फॉरवर्ड एअर कंट्रोलर, सगळे फॅकच म्हणतात. तो त्या भागावर तीन-तीन तास घिरट्या घालतो आणि जेट आलं की बोट दाखवून सांगतो, इथे टाक.

आणि हे बोट म्हणजे रॉकेट. बर्ड डॉगच्या पंखांखाली चार रॉकेट असायची, पुढे पांढरा फॉस्फरस, त्याला ते लोक विली पीट म्हणायचे. मारायची पद्धत बघ: नाक खाली घालायचं आणि नेम धरायला बरेच जण समोरच्या काचेवर पेन्सिलने एक खूण करून ठेवायचे, बस, तीच दुर्बीण! रॉकेट पडलं की झाडांतून पांढरा धूर वर येतो, मग रेडिओवर 'हिट माय स्मोक', म्हणजे माझ्या धुरावर मारा. रॉकेट चुकलं तर धुरापासून उत्तरेला पन्नास मीटर, असं सांगायचं.

आता तुझी खरड. फॅकला एकाच वेळी तीन रेडिओ ऐकायला लागायचे, जमिनीवरच्या पलटणीचा वेगळा, जेटचा वेगळा, आपल्या कंट्रोलचा तिसरा, आणि हे चालू असताना विमान उडवायचं, नकाशा मांडीवर, खालून गोळ्या. कागद कुठे शोधणार? म्हणून हाताशी असलेल्या बाजूच्या काचेवर ग्रीस पेन्सिलने लिहायचं: कुठली जेट आलीत, त्यांचा कॉलसाइन (रेडिओवरचं नाव), किती विमानं, बॉम्ब कुठले, टार्गेटचे आकडे. काम झालं की पुसायचं, पुढचं लिहायचं.

चिलखताचं म्हणशील तर फ्लॅक जॅकेट (छर्ऱ्यांपासून वाचवणारं जाड जाकीट) अंगात घालण्याऐवजी बुडाखाली घेऊन बसणारे बरेच होते, गोळी खालूनच येणार हे माहीत होतं ना 😀

आणि अजून एक, हळू असणं हाच फायदा होता. फॅक रोज तोच भाग बघायचा. काल नव्हती ती पायवाट आज दिसते, जिथे वस्ती नाही तिथून सकाळी चुलीचा धूर येतो, शेतात नेहमीची माणसं आज आलीच नाहीत. हे ओळखायला गावातल्या पोस्टमनसारखी नजर लागते. नावही त्यावरूनच आहे, बर्ड डॉग म्हणजे शिकाऱ्याला पक्षी दाखवणारा कुत्रा.

रिकामटेकडा_पुणे

बर्ड डॉगला चार मशीनगन होत्या ना? एका डॉक्युमेंटरीत बघितलंय.

टेलड्रॅगर

नाही रे, ते ओव्ही-१० ब्रॉंको, १९६८ ला व्हिएतनामला आलं. दोन टर्बोप्रॉप, चार मशीनगन, इजेक्शन सीट, म्हणजे फॅकसाठी लग्झरीच. त्याच्या आधी १९६७ पासून ओ-२, ते सेस्नाचं सिव्हिलियन ३३७ च, एक इंजिन पुढे एक मागे. दोन इंजिनं म्हणून सेफ वाटतं पण एक बंद पडलं की लोड घेऊन दुसऱ्यावर चढायची मारामार. शिवाय शेजारी-शेजारी सीट, त्यामुळे डावीकडे बसलेल्या पायलटला उजव्या बाजूचं खाली नीट दिसायचं नाही. टेहळणीच्या विमानातून दिसत नाही, काय बोलणार! नंतर उजव्या दारात खालच्या बाजूला जास्तीची काच बसवली. मला विचारशील तर ओ-२ हे तात्पुरतं जुगाड होतं, चाललं मात्र बराच काळ.

ब्रॉंकोचा एक वीक पॉइंट पण सांगतो. पाण्यावर उतरवलं तर पुढचं कॉकपिट चेपायचं, पुढचा माणूस वाचत नाही असं सगळ्यांना ठाऊक होतं. २९ जून १९७२, क्वांग त्रीजवळ कॅप्टन स्टीव्हन बेनेटच्या ब्रॉंकोला खांद्यावरचं मिसाईल लागलं. तो इजेक्ट होऊ शकत होता. पण मागे बसलेल्या मरीन ऑब्झर्वरच्या पॅराशूटच्या छर्ऱ्यांनी चिंध्या झालेल्या. बेनेटने विमान समुद्रावर उतरवलं. मागचा वाचला, बेनेट गेला. मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं, मरणोत्तर.

बर्ड डॉगवाल्यांमध्ये हिलियर्ड विलबँक्स, २४ फेब्रुवारी १९६७. दक्षिण व्हिएतनामी रेंजर्स सापळ्यात चाललेले, ह्याची रॉकेट संपली, जेट यायला वेळ, तर हा पठ्ठ्या खाली येऊन बाजूच्या खिडकीतून एम-१६ रायफल झाडत फेऱ्या मारत राहिला. विमान उडवता उडवता! त्यातच गेला. त्यालाही तेच मेडल.

शंकासुर

शौर्य वगैरे मान्य, पण जरा दुसरी बाजू पण बघा. धूर जिथे टाकला तिथे नेपाम (आग लावणारे बॉम्ब) पडणार, म्हणजे खालच्या गावाचं काय होणार हे त्या एका माणसाच्या नजरेवर. प्रांताच्या व्हिएतनामी प्रमुखाची परवानगी लागायची हे खरं, पण ती परवानगी देणारा ऑफिसात बसलेला असायचा. आणि लाओसमध्ये तर रेव्हन नावाचे फॅक युनिफॉर्म न घालता, साध्या कपड्यांत उडायचे, कारण अमेरिका तिथे युद्ध करतेय हे अधिकृतपणे मान्यच नव्हतं. मागच्या सीटवर तिथल्या ह्मोंग जमातीचा माणूस, त्याला रॉबिन म्हणायचे, तोच खालच्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचा. एवढी जोखीम घेऊन त्या रॉबिन लोकांची नावं किती जणांना माहितीयेत?

टेलड्रॅगर

मुद्दा मान्य. चांगला फॅक तोच जो 'नाही, टाकू नका' पण म्हणायचा.

तोफखाना_देवळाली

किटवाले भाऊ, तुम्ही नाशिकचे म्हणून सांगतो, आपल्याकडे पण हे झालंय. लोंगेवाला, ५ डिसेंबर १९७१. जैसलमेरहून हवाई दलाची हंटर जेट आली हे सगळ्यांना माहीत, पण त्यांना रणगाडे दाखवायला खाली मेजर आत्मा सिंग कृषक विमानात होते. एचएएलचं कृषक, एकच इंजिन, कॉन्टिनेंटल ओ-४७०, म्हणजे तुमच्या बर्ड डॉगचं भावंडच! नावच कृषक, आता बोला. हे एअर ओपी (एअर ऑब्झर्वेशन पोस्ट) वाले मूळचे तोफखान्याचे ऑफिसर, काम तोफांचा मारा कुठे पडतोय ते वरून सांगायचं. आर्मी एव्हिएशन वेगळी झाली ती १९८६ ला. नाशिक रोडला तुमच्या डोक्यावरून जी चीता हेलिकॉप्टरं जातात ना, तेच हे खानदान.

आणि त्या ग्रीस पेन्सिलला आमच्यात चायनाग्राफ म्हणतात. काचेवर मस्त उठते, पण शर्टाला लागली तर घरी बोलणी खावी लागतात.

रिकामटेकडा_पुणे

बर्ड डॉग म्हटलं की मला मिडवेवाला किस्सा आठवतो, एप्रिल १९७५. सायगॉन पडत होतं, दक्षिण व्हिएतनामचा मेजर बुआंग कॉन सोन बेटावरून निघाला, दोन सीटच्या विमानात तो, बायको आणि पाच पोरं. मिडवे ह्या विमानवाहू जहाजावर घिरट्या घालत चिठ्ठ्या टाकल्या, वाऱ्याने उडाल्या, शेवटी एक पिस्तुलाच्या कातडी कव्हरात घालून टाकली ती डेकवर पोचली. कॅप्टन चेंबर्सने डेकवरची हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलायला लावली, जागा झाली, आणि हा, डेकवरच्या तारेत अडकवून थांबवणारा हुक नाही काही नाही, तसाच उतरला. ते विमान पेन्साकोलाच्या म्युझियममध्ये आहे. ह्यावेळी बरोबर आहे ना, की हे पण ब्रॉंको? 😜

टेलड्रॅगर

बरोबर आहे बाबा 😂

किटवाला_नाशिककर

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. कृषकचं किट मिळतं का कुठे, की ते पण स्वतःच कोरायचं? असो. आता काचेवर आकडे टाकणारच, पांढऱ्या रंगाने, टूथपिकच्या टोकाने, दोन-तीन ओळी बास होतील ना?

तोफखाना_देवळाली

बास. फक्त एक ध्यानात ठेवा, पायलट आत बसून आतून लिहिणार. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ते उलटं दिसणार, आरशातल्यासारखं. मॉडेलवाले बहुतेक जण बाहेरून सरळ लिहून मोकळे होतात.

किटवाला_नाशिककर

अरे देवा. काचा कालच चिकटवल्यात 🤦 म्हणजे आता बाहेरून उलटे आकडे. तीन आणि सात उलटे काढून बघतोय मघापासून, पोरगी विचारतेय बाबा तुम्ही परत पहिलीत गेलात का.