व्हर्ट-मॅनेजर: नेटवर्क इव्हेंट कॉलबॅक ‘नॉट सपोर्टेड’?

प्रश्न: डिबग मोडमध्ये व्हर्ट-मॅनेजर (व्हर्च्युअल मशिन सांभाळायचं ग्राफिकल साधन) चालवलं की नेटवर्क इव्हेंट रजिस्टर होत नाहीत, ‘कनेक्शन ड्रायव्हर सपोर्ट करत नाही’ म्हणतो. मशिन सुरू होतात, पण नेटवर्कची यादी कोरी. दोन रात्री फायरवॉल उगाच उकरत बसलो.

उत्तर: लिबव्हर्टची (व्हर्ट-मॅनेजर ज्या लायब्ररीवर चालतो तिची) आवृत्ती कोणती? हा कॉलबॅक, म्हणजे नेटवर्कमध्ये काही बदललं की आपणहून कळवायची सोय, १.२.१ मध्ये आला, २०१४ साली. सर्व्हर त्याहून जुना असेल तर काही बिघडत नाही; व्हर्ट-मॅनेजर ठरावीक वेळाने स्वतःच विचारणा करतो.

प्रश्नकर्ता: नाही हो, ९ च्या पुढची आहे.

उत्तर: मग टर्मिनलवर ‘व्हर्श नेट-लिस्ट’ चालवून बघा (व्हर्श म्हणजे लिबव्हर्टची कमांड). तिथेही हीच एरर आली तर नेटवर्क ड्रायव्हरच लोड नाही. मी एकदा क्यूईएमयू (मशिन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) ड्रायव्हरचं पॅकेज तेवढं टाकलं होतं, नेटवर्कचं वेगळं असतं हे गावीही नव्हतं! ते टाका, मग लिबव्हर्ट-डी (लिबव्हर्टचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारी सेवा) रीस्टार्ट करा. ड्रायव्हर सुरू होतानाच लोड होतात. एका लिबव्हर्ट-डीऐवजी प्रत्येक कामाचे डीमन सुटे असतील तर व्हर्टनेटवर्क-डीचा सॉकेट चालू करा.

प्रश्नकर्ता: पॅकेजच नव्हतं! टाकल्यावर ‘डिफॉल्ट’ नेटवर्क दिसलं, पण ‘इनॅक्टिव्ह’.

उत्तर: ‘व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट’ द्या, आणि ‘व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डिफॉल्ट’ही, नाहीतर रीबूटनंतर परत याल इथेच.